सम्राट साम्राज्यवादविरोधी होता

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, डोळे चुरचुरत होते आणि फाईलची शेवटची वीसेक पानं उरली होती. जगाच्या इतिहासावरच्या लेखांचं एक पुस्तक माझ्याकडे मुद्रितशोधनाला आलं होतं. लेखकांनी एकाच गोष्टीसाठी तीन शब्द वापरले होते. कुठे साम्राज्यविरोधी, कुठे साम्राज्यवादविरोधी, तर कुठे साम्राज्यशाहीविरोधी. समासात संपादकांची टीप होती, ‘एकरूपता आणा.’ आमच्या कामात ही टीप म्हणजे आज्ञाच. मी फाइंड-रिप्लेस उघडलं, तिन्हींचं एक केलं आणि बटण दाबलं. त्रेसष्ट ठिकाणी बदल झाल्याचं यंत्राने अदबीने कळवलं. मीही तितक्याच अदबीने फाईल पाठवून दिली आणि गाढ झोपले.

चौथ्या दिवशी लेखकांचा फोन आला. वयस्कर माणूस, आवाज कायम एका पट्टीत. “ताई, पान एकशे अठरा उघडता का जरा? तिसरा परिच्छेद. मोठ्याने वाचा.” मी वाचलं, “इथिओपियाचा सम्राट मेनेलिक हा कट्टर साम्राज्यवादविरोधी होता.” वाचता वाचताच जीभ अडखळली. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग ते हसायला लागले. “तुम्ही त्याला उचलून थेट ब्रसेल्सच्या साम्राज्यवादविरोधी परिषदेत नेऊन बसवलंत की! मुकुटासकट.” मी म्हटलं, “सर, चुकलं माझं. पूर्वीचं करते.” त्यावर ते म्हणाले, “पूर्वीचं तरी कुठे धड होतं? मी ‘साम्राज्यविरोधी’ लिहिलं होतं. सम्राटाला तेही कसं शोभावं? बघा, तिथे काय बसतं ते. तुम्हीच सुचवा.”

पुढचे कितीतरी दिवस मला काहीच सुचलं नाही.

खरं तर हा शब्द मी इतक्या वेळा तपासला आहे की तो माझ्या हाडामांसाचा व्हायला हवा होता. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, जोडाक्षर तुटत नाही ना ते बघायचं आणि पुढे जायचं. अर्थाकडे बघायला कोणाला वेळ असतो? लहानपणी निबंधात मीही सगळ्यांसारखंच एक हुकमी वाक्य घालायचे, ‘सर्वत्र शांततेचे साम्राज्य पसरले होते.’ पहाट असो, माळरान असो, परीक्षेनंतरचा वर्ग असो, शांततेचं साम्राज्य पसरायलाच हवं. या वाक्याला बाई लाल शाईने बरोबरची खूण करायच्या. त्याच दिवशी इतिहासाच्या तासाला साम्राज्यवादाचे दुष्परिणाम लिहून घ्यावे लागायचे, मुद्देसूद, एकाखाली एक. एकाच दप्तरातल्या दोन वह्यांमध्ये एकच शब्द एकीकडे रेशमासारखा आणि दुसरीकडे चाबकासारखा. त्या दोन वह्या मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तर तेव्हाच लक्षात आलं असतं की साम्राज्यांना स्वतःचा काळ शांततेचाच वाटतो. रोमन लोकांच्या काळाला पॅक्स रोमाना म्हणतात, इंग्रजांच्या काळाला पॅक्स ब्रिटानिका. पॅक्स म्हणजे शांतता. शांततेचं साम्राज्य हे निबंधातलं वाक्य लंडनमधल्या एखाद्या मंत्र्याने निःशंक मनाने लिहिलं असतं.

आपल्या भाषेला या शब्दाचा राग मुळातून नाहीच. सम् आणि राज्, सगळीकडून झळाळणारा, सगळ्यांवर राज्य करणारा. ऐतरेय ब्राह्मणात साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य अशी ओळच्या ओळ येते, आणि त्या ओळीचा नाद आपल्या कानांत कळत्या वयाच्या आधीपासून बसलेला असतो. तिथे साम्राज्य आणि स्वाराज्य सख्ख्या भावंडांसारखे शेजारी उभे आहेत. दोन्ही मिळावीत अशी इच्छा आहे, एकाला दुसऱ्याचा अडसर नाही. आजही कोणी धंदा वाढवला की ‘शून्यातून साम्राज्य उभारलं’ असा मथळा येतो आणि तो कौतुकाचाच असतो. मग एवढ्या लाडक्या शब्दाला ‘वाद’ लागला की तो एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात कसा जातो? आणि ‘शाही’ लागली की? जुन्या लेखनात ‘साम्राज्यशाही’ सर्रास भेटते. तिच्या एका अंगाला हुकूमशाही, नोकरशाही उभ्या असतात, दुसऱ्या अंगाला चक्क लोकशाही. ‘शाही’ने राज्य कोणाचं ते कळतं. ‘वाद’ने त्या राज्यामागचा विचार, त्याचं समर्थन, त्याची यंत्रणा कळते. साम्राज्याविरुद्ध लढायला एक शत्रू पुरतो. साम्राज्यवादाच्या विरोधात असायचं तर आपल्या बाजूने कोणी तेच करायला लागला की त्यालाही विरोध करावा लागतो. दोन अक्षरांचा फरक आहे, आणि मी तो एका बटणाने बुजवला होता.

मेनेलिककडे वळते, कारण तो मला सोडत नव्हता. त्याची सगळी गोष्टच एका क्रियापदाची आहे, म्हणून ती मला इतकी झोंबली असावी. १८८९ च्या मे महिन्यात वुचाले इथे त्याने इटलीशी तह केला. तह दोन भाषांत लिहिला गेला, अम्हारिक आणि इटालियन. सतराव्या कलमाच्या अम्हारिक मजकुराप्रमाणे इथिओपियाच्या राजाला परदेशांशी व्यवहार करताना हवं तर इटलीची मदत घेता येईल. इटालियन मजकुराचा अर्थ असा निघत होता की तो व्यवहार इटलीमार्फतच होईल. ‘येईल’ आणि ‘होईल’, एवढाच खेळ. पण इटलीने त्या ‘होईल’च्या जोरावर सगळा इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली असल्याचं युरोपला कळवून टाकलं. मेनेलिकने युरोपातल्या दरबारांना थेट पत्रं पाठवली, तेव्हा त्याला इटलीचा दरवाजा दाखवला गेला आणि कलमातली मेख त्याच्या ध्यानात आली. १८९३ मध्ये त्याने तह धुडकावला. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या डोंगरांत इटलीच्या सैन्याचा असा धुव्वा उडाला की रोममधलं सरकार पडलं. एका आफ्रिकी राजाने युरोपच्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं, ही बातमी पुढची कित्येक दशकं जगभरच्या काळ्या माणसांच्या घरांत उजेडासारखी फिरत राहिली. भाषांतरातल्या लबाडीला रणांगणात मिळालेलं असं उत्तर दुसरं मला तरी माहीत नाही, आणि ते वाचताना दर वेळी अंगावर रोमांच येतात हेही लपवत नाही.

पण पान एकशे अठरावर पुढचंही लिहिलेलं होतं. हाच मेनेलिक त्याच वर्षांत दक्षिणेकडे सरकत होता. ओरोमो लोकांचे प्रदेश, १८९४ मध्ये वोलायताचं राज्य, १८९७ मध्ये काफ्फाचं. काफ्फाचा शेवटचा राजा पकडला गेला आणि कैदेतच मेला. युरोपकडून घेतलेल्या बंदुका तिकडेही चालल्या. शिवाय ज्या वुचालेच्या तहाने त्याला फसवलं, त्याच तहात त्याने उत्तरेचा एरिट्रियाचा पट्टा इटलीला मान्य केला होता. अडवाच्या विजयानंतरही तो पट्टा त्याने इटलीकडेच राहू दिला. त्या पट्ट्यातलेच शिपाई अडवात इटलीच्या बाजूने लढले होते. लढाई संपल्यावर कैदेत सापडलेल्या इटालियनांना बऱ्यापैकी सांभाळलं गेलं. एरिट्रियाच्या शेकडो शिपायांचा मात्र, फितूर म्हणून, उजवा हात आणि डावा पाय तोडला गेला.

हे वाचल्यावर मी खुर्ची मागे सरकवली आणि थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिले.

हात तोडणं हे त्या काळाच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतं. कांगोमध्ये बेल्जियमच्या राजाची, लिओपोल्डची, स्वतःच्या मालकीची वसाहत होती. देशाची नव्हे, एका माणसाची. १८८५ ते १९०८. तिथे रबर गोळा करून आणायचा कोटा असे, आणि शिपायाने झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब त्याला तोडलेला हात दाखवून द्यावा लागे. १९०३ साली ब्रिटनचा एक वाणिज्यदूत नदीतून वर गेला, गावोगाव थांबला, माणसांना विचारत आणि लिहीत गेला. त्याचं नाव रॉजर केसमेंट. पुढच्या वर्षी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि लिओपोल्डच्या परोपकाराचा मुखवटा गळाला. नंतर त्याने अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या पुतुमायोत रबरासाठीच चाललेले हाल तसेच नोंदवले. १९११ मध्ये ब्रिटनने त्याला ‘सर’ केलं. हा माणूस आयरिश होता, आणि दुसऱ्याच्या जंगलात दुसऱ्याच्या राजाचं राज्य पाहता पाहता त्याला स्वतःचा देश दिसायला लागला, असं त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलं आहे. मला हा प्रवास फार ओळखीचा वाटतो. शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना आपल्या घरातला आवाज पहिल्यांदा नीट ऐकू यावा, तसा. साम्राज्याच्या पगारावर असलेला माणूस साम्राज्यवादविरोधी होतो, तो असा. पुस्तकं वाचून होणारेही असतातच, पण हात मोजून झालेला माणूस वेगळा.

पुढे काय झालं? पहिलं महायुद्ध लागलं आणि केसमेंट आयर्लंडसाठी शस्त्रं मागायला बर्लिनला गेला. त्या जर्मनीने अवघ्या काही वर्षांपूर्वी, १९०४ ते १९०८ मध्ये, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात हेरेरो आणि नामा लोकांचा जवळजवळ निर्वंश केला होता. कांगोत एकेक गाव मोजलेल्या माणसाला हे माहीत नसेल? की माहीत असूनही शत्रूचा शत्रू म्हणून डोळे मिटले? एप्रिल १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीने त्याला आयर्लंडच्या किनाऱ्यावर सोडलं, काही तासांत तो पकडला गेला, त्याची ‘सर’ ही पदवी काढून घेतली गेली आणि ३ ऑगस्टला त्याला फाशी झाली. डब्लिनमध्ये लिबर्टी हॉलवर कामगारांच्या पुढाऱ्यांनी एक फलक लावला होता. आमची चाकरी ना ब्रिटनच्या राजाची ना जर्मनीच्या कैसरची, फक्त आयर्लंडची, अशा अर्थाचा. काय नेमका फलक आहे! साम्राज्य आणि साम्राज्यवाद यांतला फरक एका ओळीत. पण त्याच लोकांनी १९१६ च्या उठावात जो जाहीरनामा वाचला, त्यात युरोपातल्या ‘शूर दोस्तां’चा उल्लेख आला. दोस्त म्हणजे जर्मनी. फलक लावणाऱ्यांतल्या जेम्स कॉनलीची सही त्या जाहीरनाम्याखाली आहे. मी त्याला दोष द्यायला बसलेली नाही. ज्याच्या मानेवर पाय असतो त्याला काठी कोणाच्या झाडाची आहे हे विचारायची सवड नसते. तरी तो फलक आणि तो जाहीरनामा मला शेजारी ठेवून बघवत नाहीत.

‘साम्राज्यवादविरोधी’ या शब्दाखाली कोण कोण उभं राहिलं ते पाहिलं की गंमतही वाटते आणि पोटात गोळाही येतो. अमेरिकेने स्पेनला हरवून फिलिपाइन्स घ्यायचं ठरवलं, तेव्हा १८९८ मध्ये बॉस्टनमध्ये थेट ‘साम्राज्यवादविरोधी संघ’ स्थापन झाला. नावातच हा शब्द. त्यात पोलादाचा धनाढ्य कारखानदार अँड्र्यू कार्नेगी होता आणि कामगारांचा पुढारी सॅम्युअल गोम्पर्सही होता, जे एरवी एका खोलीत चहा प्यायले नसते. स्पेनला फिलिपाइन्सपोटी दिलेले दोन कोटी डॉलर मी भरतो, त्या बेटांना मोकळं करा, अशी तयारी कार्नेगीने दाखवली. स्वातंत्र्याची परतफेड रोखीत! गोम्पर्सला भीती होती स्वस्त मजुरांची. आणि याच बाजूने सिनेटमध्ये तावातावाने बोलणारा दक्षिणेचा बेन टिलमन होता, ज्याला गोऱ्यांच्या देशात आणखी काळी-तपकिरी माणसं नको होती, एवढंच. विरोध तोच, मतही तेच, पण मनातली घाण वेगळी. इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये साम्राज्यवादाची आर्थिक चिरफाड करणारा जॉन हॉब्सन, ज्याच्या मांडणीवर पुढे लेनिनने आपली इमारत बांधली, तोसुद्धा दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धाचं खापर ज्यू भांडवलदारांवर फोडून मोकळा झाला होता. शब्द स्वच्छ असला तरी त्याला धरणारे हात स्वच्छ असतीलच असं नाही.

त्या संघात मार्क ट्वेनही होता. आधी तो कडवा साम्राज्यवादी होता, हे त्यानेच सांगितलं आहे. अमेरिकेच्या गरुडाने पॅसिफिकवर जाऊन आरोळी ठोकावी असं त्याला वाटायचं. मग त्याने स्पेन आणि अमेरिकेतला पॅरिसचा तह काळजीपूर्वक वाचला आणि त्याचं मत फिरलं. १९०० मध्ये युरोपातून परतल्यावर बातमीदारांना त्याने सरळ सांगितलं की मी साम्राज्यवादविरोधी आहे. तह वाचून मत बदललेला माणूस! माझ्यासारख्या ओळी तपासत जगणाऱ्या बाईला याहून मोठा दिलासा कोणता?

आपल्याकडे हा शब्द घोषणा होऊन आला. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्बचा धूर पसरलेला असताना भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी इन्कलाबचा जयजयकार केला आणि दुसरी घोषणा दिली ती साम्राज्यवादाच्या नाशाची. इंग्रजांच्या नाशाची नव्हे. एवढ्या गोंगाटात, अटक समोर दिसत असताना, तेविशीच्या आतल्या पोराला हा ‘वाद’ सुचावा याचं मला राहून राहून नवल वाटतं. इंग्रज गेले तरी ती घोषणा संपणार नाही, अशी ती मुद्दाम बेतलेली होती. आपण मात्र १९४७ नंतर ती इतिहासाच्या वहीत ठेवून दिली. मोर्चात कधी कानावर पडते, पण तीही सवयीने, श्वास सोडल्यासारखी.

लेखकांनी ज्या ब्रसेल्सच्या परिषदेचा टोमणा मारला ती १९२७ च्या फेब्रुवारीतली. नेहरू काँग्रेसतर्फे गेले होते, इंडोनेशियाचा हत्ता होता, आफ्रिकेतून, अरब देशांतून, चीनमधून माणसं आली होती. शहर बेल्जियमचं, कांगोच्या मालकाचं. तिथे निघालेला साम्राज्यवादविरोधी संघ पुढे मॉस्कोच्या तालावर इतका नाचला की नेहरूंचंही त्याच्याशी फाटलं. मला जास्त रस आहे त्यानंतर इंडोनेशियात बांडुंगला भरलेल्या परिषदेत. एप्रिल १९५५, एकोणतीस देश, बहुतेक नव्याने मोकळे झालेले. सगळीकडे एकच सूर, आणि मध्येच सिलोनचे पंतप्रधान जॉन कोटेलावाला उठून म्हणतात की पश्चिमेच्या वसाहतवादाबद्दल आपलं एकमत आहे, मग पोलंड, हंगेरी, रुमानिया, लाटव्हिया, एस्टोनिया यांचं काय? त्या वसाहती नाहीत का? सभेत चुळबुळ झाली असणार. भाषण आधी दाखवलं का नाही, असं नेहरूंनी चिडून विचारलं आणि तुम्ही तुमची मला दाखवता का, असा सवाल आपण उलट केला, हे पुढे कोटेलावालांनीच सांगितलं. माणूस पश्चिमेकडे झुकलेला, थाटामाटाचा, अनेकांना न आवडणारा. त्याचा हेतू काही का असेना, प्रश्न बिनतोड होता. तरुणपणी मी हा प्रसंग वाचला तेव्हा नेहरूंच्या बाजूने होते. घरात पाहुणे असताना कोणी आतली गोष्ट काढावी तसा मला कोटेलावालांचा राग आला होता. आता वय वाढलं तसा तो राग कमी होत होत जवळजवळ मावळला आहे.

शेवटी ठरावात काय आलं? सर्व आविष्कारांतला वसाहतवाद ही वाईट गोष्ट आहे आणि ती लवकर संपवली पाहिजे. ‘सर्व आविष्कार’. ज्याला रशिया मोजायचा त्याने मोजावा, ज्याला नाही त्याने नाही. पुन्हा सतरावं कलमच म्हणा ना, फक्त या वेळी दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं. त्यानंतर दीड वर्षाने, १९५६ च्या शरदात, एकाच आठवड्यात सुएझवर ब्रिटन-फ्रान्सचे बॉम्ब पडले आणि बुडापेस्टमध्ये रशियाचे रणगाडे परत घुसले. सुएझवर भारताचा आवाज खणखणीत होता. हंगेरीवर तो उशिरा आणि अडखळत निघाला. भाषा तीच, ओठ तेच.

इथिओपियाचंही पुढचं सांगून टाकते, कारण पान एकशे अठरा तिथेच संपत नाही. १९३५ मध्ये इटली पुन्हा आली, या वेळी मुसोलिनीची, विषारी वायू घेऊन. जून १९३६ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघासमोर उभं राहून सम्राट हेले सेलासीने न्याय मागितला आणि इटालियन पत्रकारांनी गॅलरीतून शिट्ट्या वाजवल्या. जगभर साम्राज्यवादाच्या विरोधात मोर्चे निघाले, एका सम्राटासाठी. पुढे त्याच सम्राटाने १९६२ मध्ये एरिट्रियाची उरलीसुरली स्वायत्तता मोडून तो प्रदेश गिळला. १९७४ मध्ये लष्कराने सम्राटाला खाली खेचलं, लाल झेंडे लावले, अदिस अबाबात लेनिनचा पुतळा उभारला. साम्राज्यवादाचा धिक्कार हा रोजचा पाठ झाला. एरिट्रियावरचे बॉम्ब थांबले मात्र नाहीत, उलट ते आता रशियाकडून येऊ लागले. आणि डोंगरांत लढणारे एरिट्रियन? तेही मार्क्सवादीच, तेही साम्राज्यवादविरोधीच. दोन्हीकडच्या खंदकांत तेच शब्द, बहुधा तीच पुस्तकं. १९९१ मध्ये एरिट्रियाची राजधानी अस्मारा मोकळी झाली, १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र देश झाला. अडवानंतर हात तोडलेल्या शिपायांची नातवंडं, पणतवंडं त्या सैन्यात असतील का, असा विचार मनात येतो. मग त्या नव्या देशात पुढे काय झालं, निवडणुका कशा झाल्याच नाहीत, हे आठवतं आणि तो विचार मी अर्धाच सोडून देते.

हल्ली हा शब्द वाचते तेव्हा मी त्याच्यापुढे एक रिकामी जागा सोडते. कोणाचा? कोणी स्वतःला साम्राज्यवादविरोधी म्हणवतो तेव्हा त्याच्या यादीत एकच देश आहे की दोन, हे बघते. ज्यांना इराकमध्ये अमेरिका दिसली त्यांच्यातल्या काहींना युक्रेनमध्ये रशिया दिसेना, आणि ज्यांना युक्रेनमध्ये रशिया लख्ख दिसला त्यांच्यातल्या कित्येकांना इराकच्या वेळी डुलकी लागली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले होते. आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, लंडन-पॅरिस-लिस्बनमध्ये आखल्या गेल्या; वंशाच्या नावाने त्या बदलायला निघालो असतो तर अजून रक्त सांडत बसलो असतो, अशा अर्थाचं. मेलेल्या साम्राज्यांच्या निखाऱ्यांतून सावरताना नव्या वर्चस्वाच्या आगीत पडू नये, असंही ते म्हणाले. त्याच दमात बलाढ्य देशांनी, सुरक्षा परिषदेच्या सदस्यांनीही, आंतरराष्ट्रीय कायदा पायदळी तुडवण्याच्या वाढत्या प्रथेचाही त्यांनी निषेध केला. ते भाषण मी दोनदा ऐकलं. आवाज चढलेला नव्हता.

पान एकशे अठरा मात्र अजून तसंच होतं. ‘इटलीविरोधी’ लिहून पाहिलं, फार तोकडं वाटलं. ‘स्वातंत्र्यवादी’, काफ्फाच्या राजाला काय वाटेल? ‘वसाहतवादविरोधी’, पुन्हा तोच वाद. ‘राष्ट्रवीर’ लिहिलं आणि लगेच खोडलं. विशेषण म्हणजे माणसाला कायमचा शिवून टाकलेला अंगरखा. मेनेलिकच्या मापाचा मला एकही सापडेना, प्रत्येकाची कुठली ना कुठली शिवण उसवत होती. मग एका दुपारी वुचालेचं कलम पुन्हा वाचत असताना वाटलं, जे सगळं एका क्रियापदावरून बिघडलं ते क्रियापदानेच का मांडू नये? वाक्य बदललं, ‘सम्राट मेनेलिक इटलीच्या साम्राज्याविरुद्ध लढला.’ तो कोण होता ते नाही, त्याने काय केलं ते. बासष्ट ठिकाणीही मग एकेक करून परत गेले. त्यातली नऊ बदलली. बाकी राहिली.

मी लेखकांना फोन करून वाक्य वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते, कागद उलटल्याचा आवाज आला.

“बरं वाटतंय,” ते म्हणाले. “पण ताई, पुढच्याच ओळीत काफ्फा आहे. तिथे मी लिहिलंय, ‘आपल्या साम्राज्यासाठी तो काफ्फाविरुद्ध लढला.’ लागोपाठ दोनदा ‘लढला’ येतंय. खटकेल का?”

“खटकेल,” मी म्हटलं. “राहू दे तसंच.”